मिनू मामाकडं गेली

शिरूर कासारला माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. मंदाकिनी. बाजारात भाजी घ्यायला गेले की अजूनही कुणीतरी हाक मारतं, "केबलवाल्या अक्का, सध्या काय बघावं?" धंदा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आमच्या तारा कधीच उतरल्या. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे आणि प्रत्येकजण आपलं आपलं बघतो. तरी लोक विचारतात, आणि मीही पिशवी खाली ठेवून सांगत बसते. घरी यायला उशीर होतो, हे चिडतात.

धंदा दोघांचा होता. हे खांबावर, मी खोलीत. दूध सोसायटीच्या इमारतीला लागून पत्र्याची एक खोली होती, तिला आम्ही ऐटीत कंट्रोल रूम म्हणायचो. सोसायटीच्या गच्चीवर आभाळाकडे तोंड करून बसलेल्या तीन मोठ्या छत्र्या, खाली मांडणीवर डब्यांच्या रांगा. नव्या पिढीला हे समजावून सांगावं लागेल. त्या काळी एका चॅनलला दोन डबे लागायचे. एक डबा छत्रीतून आलेलं चित्र पकडायचा, दुसरा ते आमच्या तारेवर चढवायचा. म्हणजे आमच्याकडे जितक्या जोड्या, तितकीच चॅनलं गावाला दिसणार. आकाशात शेकडो असली तरी शिरूरला कोणती दिसायची, ते आमच्या खोलीत ठरायचं. पुढं तार खांबाखांबावरून जायची, मधेमधे तिला जोर द्यायला छोट्या पेट्या. खारी तार कुरतडायच्या, माकडं झोके घ्यायची, उन्हानं जोड सुटायचे. हे शिडी घेऊन सायकलवर दिवसभर गावात, आणि फोनवर शिव्या खायला मी.

शिव्यांबरोबर मतंही यायची. कुस्ती दाखवा, कीर्तन दाखवा, ती दोन सासवांची मालिका बंद करा, ती दोन सासवांची मालिका बंद केलीत तर बघा. आमच्याकडे कुठलीही गोष्ट सोसायटीच्या सभेत गेल्याशिवाय पक्की होत नाही. म्हणून एका वर्षी दूध सोसायटीच्या वार्षिक सभेत, पशुखाद्याच्या विषयानंतर, चेअरमननी आमचा विषय घेतला. एक डबा जळाला होता आणि एक चॅनल कमी करायचं होतं. हात वर करून मतदान झालं. कीर्तनाला भरपूर हात. कुस्तीला त्याहून जास्त. मालिकांच्या चॅनलला एकही नाही, कारण सभेला सगळे पुरुषच. सभा संपायच्या आत दुधाच्या कॅन घेऊन आलेल्या बायका दारात उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "दूध आमी घालतो, अन् हात तुमी वर करता व्हय?" चेअरमननी ठराव फिरवला. सकाळी कीर्तन, दुपारी कुस्ती, संध्याकाळी मालिका, असं एकाच डब्यावर. तो डबा मी दिवसातून तीनदा फिरवायची.

मला मतं द्यायची सवय लागली ती याच बायकांमुळे. सकाळी दूध घालायला आल्या की परतताना माझ्या उंबऱ्याशी थांबायच्या. रात्री लाइट गेलेली असायची, कुणाच्या घरी पाव्हणे असायचे. काल काय झालं ते मी सांगायची. सांगता सांगता, त्यातलं काय पटलं आणि काय नाही, तेही तोंडातून जायचं. "ती मालिका आता सोडा, नुसतं ताणतायत." "ही नवी बघा, तिच्यातली सासू खरी वाटते, खोकते सुद्धा खरी." बायका ऐकायच्या. घरी जाऊन सांगायच्या, अक्का म्हणत्या हे बघा.

हळूहळू मला कळलं की एकच मालिका सगळ्यांना चालत नाही. विचारणारा माणूस कोण आहे, ते आधी बघावं लागतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी होते. आधी ते फोन करायचे ते मालिकांमधल्या चुकीच्या मराठीबद्दल तक्रार करायला, जणू संवाद मीच लिहीत होते. त्यांची पत्नी गेली आणि फोन बंद झाले. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी फोन आला. आवाज बारीक. म्हणाले, "मंदाकिनीबाई, एखादी मालिका सुचवता का? जिच्यात माणसं एकत्र जेवायला बसत नसतील अशी."

मी आठवून आठवून बघितलं. सगळ्या मालिकांत माणसं जेवायलाच बसलेली. शेवटी मी त्यांना जंगलातल्या प्राण्यांचं चॅनल लावायला सांगितलं. आठ दिवसांनी फोन आला. "ते हत्ती छान आहेत. निवेदकाचं मराठी मात्र भयंकर आहे." मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. गुरुजी परत आले होते.

असं दोनचारदा जमलं आणि मला थोडा गर्व झाला, हे लपवत नाही. कुणाला काय दाखवावं आणि काय दाखवू नये, हे मला कळतं असं वाटायला लागलं. पुढं जे सांगणार आहे, ते त्या गर्वाचंच आहे.

कौसाबाई ऊसतोडीला जाणारी. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं दसरा झाला की गाड्या जुंपतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. या टोळ्या गेल्या की गल्ल्या ओस पडतात, म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. कौसा माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान. काळीसावळी, उंच, बोलायला फटकळ. तिची एकच मुलगी, मंगल. सात वर्षांची. आईच्या पदराला धरून माझ्या खोलीत यायची आणि डब्यांवरचे लाल हिरवे दिवे मोजत बसायची.

दोघींना एका मालिकेचं वेड होतं. आमच्याकडे मालिकांना कुणी नावानं ओळखत नसे. ती होती "पापडवाली". नवऱ्यानं टाकलेली एक बाई पापड लाटून धंदा उभा करते, आणि तिला मिनू नावाची एक मुलगी असते. मिनू दोन वेण्या घालायची, तर मंगलही दोन वेण्या घालायची. मिनू पापड वाळत घातलेल्या चटईवरून उड्या मारायची, तर मंगलनं घरच्या कुरडयांवरून मारल्या आणि आईचा मार खाल्ला.

एका वर्षी गाडी भरून झाल्यावर कौसा माझ्याकडं आली. "अक्का, आमी चाललो. पापडवालीचं आमी येईस्तोर ध्यानात ठिव."

"सहा महिन्यांचं ध्यानात कसं राहील गं?"

"मग लिहून ठिव. तुला लिवता येतं न्हवं?"

मी एक दोनशे पानी वही आणली आणि रोज मालिका संपली की पाच सहा ओळी लिहायला लागले. काय झालं ते, आणि खाली माझं मत. "आज काही घडलं नाही. नुसतं दार उघडायला पंधरा मिनिटं लावली." "आज मिनूनं शाळेत खोटं बोलल्याचं कबूल केलं. चांगला भाग. मंगलला सांगणे."

पाडव्यानंतर त्या परत आल्या. कौसाचे हात उसाच्या पानांनी कापून खरखरीत झालेले, मंगल उन्हानं करपलेली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी वाचायची आणि दोघी ऐकायच्या. पंधरा दिवस चाललं ते वाचन. गल्लीतल्या, मालिका बघितलेल्या बायकाही येऊन बसायच्या. टीव्हीपेक्षा अक्काचं ऐकायला बरं वाटतं म्हणायच्या.

पुढच्या दसऱ्याला गाडी निघाली तेव्हा मंगल वर बोचक्यांवर बसली होती. माझ्या खोलीसमोरून जाताना ओरडली, "काकू, मिनूचं नीट लिवा! उगं आपलं थोडं थोडं नगा लिवू!"

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या. गावाला टँकर सुरू झाले. आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पापडवालीतली मिनू मेली.

त्या छोट्या मुलीनं काम सोडलं असेल, नाहीतर लोक रडले की मालिका जास्त बघितली जाते असं कुणीतरी ठरवलं असेल. तापाचं निमित्त केलं आणि मारली. संध्याकाळी माझा फोन घणघणत राहिला. लोक मला विचारत होते, कावून मारली? गुरुजींचाही फोन आला. म्हणाले, "याला काही कारण नव्हतं, मंदाकिनीबाई. कथेत कारणच नव्हतं." मी वही काढली, झालं ते सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, "हे चूक केलं. मंगलला कसं सांगायचं?"

पाडव्याला अजून तीन आठवडे होते तेव्हाच गाड्या परतायला लागल्या. पाणी नाही म्हणून ऊस कमी, ऊस कमी म्हणून तोड लवकर संपली. कौसाची गाडी खोलीसमोरून गेली तेव्हा मी दारात आले. बोचकी होती, भांडी होती, वर कुणी नव्हतं. कौसा गाडीच्या मागून चालत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

ह्यांना चहाच्या टपरीवर टोळीतल्या माणसांकडून कळलं. ते घरी आले, शिडी भिंतीला लावली आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मंदा, कौसाची पोरगी गेली. ताप आला, तीन दिवसांत. तिकडंच."

आमच्या गल्लीनं काही न बोलता एक गोष्ट ठरवून टाकली. कौसापुढं विषय काढायचा नाही. तिला त्रास होईल. बायका तिला आधी पाणी भरू द्यायच्या, कुणी भाकरी नेऊन द्यायचं, पण मंगलचं नाव कुणी घेत नव्हतं. मीही त्यांच्यातलीच.

चौथ्या दिवशी दुपारी कौसा आली. नेहमीच्या जागी उंबऱ्याला टेकून बसली. वाळली होती, पण डोळे कोरडे.

"वाच," ती म्हणाली.

"काय वाचू?"

"पापडवाली. लिवलंय न्हवं?"

मी वही काढली. दसऱ्यापासूनचं वाचायला सुरुवात केली. वाचत होते खरी, पण डोक्यात एकच चाललं होतं, संक्रांतीपर्यंत पोचल्यावर काय करायचं? आठ दिवस वाचून झाले आणि ते पान आलं. मी पानाकडं बघितलं. कौसा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आन् मग?"

"मग..." मी पान उलटलं. "मग मिनू मामाकडं गेली. शिकायला."

कौसानं वहीकडं बघितलं. "बरं," म्हणाली.

मला हायसं वाटलं. गुरुजींना हत्ती दाखवले, तसं हिला हे सांगितलं, असं मी मनाला समजावलं. गल्लीतल्या बायकांनाही बजावलं, तिला कुणी खरं सांगू नका. मालिका तोवर संपली होती, त्यामुळे टीव्हीवरून कळायची भीती नव्हती. त्या दिवसापासून वहीत नसलेलं मी वाचायला लागले. मिनूच्या मामाच्या दारात आंबा होता. मिनूचा पुढचा दात पडून नवा आला. मिनूनं आईला पत्र पाठवलं, त्यात पापडाचं चित्र काढलं. कौसा रोज यायची आणि रोज विचारायची, "मिनूचं काय?" मी सांगायची. मला त्या खोट्याची गोडी लागली होती. रात्री भाकरी करताना मी उद्याचं ठरवून ठेवायची, उद्या मिनूला मामी कुठलं परकर पोलकं शिवणार. आपण एका आईला आधार देतोय, असं वाटायचं मला.

दुष्काळ वाढत गेला. दूध सोसायटीनं गावाबाहेर माळावर चारा छावणी काढली. ज्यांच्याकडं वैरण उरली नव्हती ते आपली जनावरं घेऊन तिकडं राहायला गेले. मोठमोठ्या हिरव्या जाळ्यांच्या सावलीत गुरांच्या रांगा, प्रत्येक दावणीपाशी एक बाज आणि एक मडकं. वैरण म्हणून ऊसच यायचा ट्रक भरभरून. तोच ऊस, जो तोडायला ही माणसं सहा महिने गेली होती. कौसा आणि तिचा नवराही आपले दोन बैल घेऊन छावणीत गेले.

एक दिवस चेअरमन खोलीवर आले. "अक्का, माणसं कातावलीत. दिवसभर बसून करतील काय? भांडणं व्हायलीत. छावणीत एक टीव्ही लावा."

ह्यांनी दोन दिवस खपून माळापर्यंत तार नेली. वैरण वाटपाच्या शेडमध्ये, टेबलावर टेबल ठेवून टीव्ही बसवला. भांडणं थांबली नाहीत, फक्त विषय बदलला. गडी म्हणायचे कुस्ती, म्हातारे म्हणायचे कीर्तन, बाया म्हणायच्या मालिका, आणि सगळ्यांना एकाच वेळी. मग चेअरमननी मलाच पंच नेमलं. मी रोज दुपारी छावणीत जायची आणि शेडच्या खांबाला एक कागद चिकटवायची. कोणत्या वेळी काय लागेल, आणि पुढं माझं मत. "बघण्यासारखं." "बैलांना पाणी पाजून आलात तरी चालेल." "हे बघू नये, डोकं दुखेल." लोक कागद वाचून हसायचे. एक म्हातारबा रोज कुणाकडून तरी तो वाचून घ्यायचे आणि टीव्हीकडं पाठ करून झोपायचे. म्हणायचे, "अक्काचं मत कळलं, आता बघायचं काय राह्यलं?"

मे महिन्यातली दुपार होती. पापडवालीचे निवडक भाग पुन्हा दाखवणार आहेत असं बायकांनी कुठूनतरी ऐकलं आणि मागणी केली. मी कागदावर लिहून टाकलं, "पापडवाली, जुने भाग. बघण्यासारखं." कोणते भाग आहेत, याची मी चौकशी केली नाही. वीसबावीस वर्षं मालिका दाखवणारी बाई मी, आणि एवढं साधं मला सुचलं नाही. निवडक म्हणजे ज्यात लोक जास्तीत जास्त रडले तेच, हे मला कळायला हवं होतं.

शेड भरलेली. कौसा मधे, दोन बायांच्या मागं बसलेली. पडद्यावर मिनू खाटेवर झोपलेली दिसली तेव्हाच कोणता भाग आहे ते मला कळलं. मी उठून टीव्हीकडं निघाले. गर्दीतून वाट काढेपर्यंत आई हंबरडा फोडत होती, आणि मग भिंतीवरच्या फोटोला हार. माझा हात बटणापाशी पोचला.

"राहू दे, अक्का," कौसाचा आवाज आला. "समदं बघू दे."

मी हात मागं घेतला. तो भाग संपला. कौसा उठली, लुगडं झटकलं आणि आपल्या बैलांकडं चालत गेली. मी मागोमाग गेले. ती कोयत्यानं उसाची कांडकी करत होती, नेमकी, एकसारखी. वर न बघता म्हणाली, "मिनू मेलती?"

"हो."

"कवा?"

"संक्रांत झाल्यावर."

"म्हंजी माझ्या मंगलच्या आगंमागंच." कोयता थांबला. "अन् ते मामाकडलं?"

"मी रचलं."

"कावून?"

"तुला तरास व्हईल म्हणून गं, कौसा."

तिनं कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "मला व्हायचा तेवढा झालता, अक्का. आल्यापास्नं दोन महिने झाले. पाण्याला जाते, दळणाला जाते, हितं बसते. एकीनंबी मंगलचं नाव काढलं न्हाई. जणू मला पोरगी न्हवतीच. मी तुझ्याकडं रोज कावून येत हुते? मला वाटायचं, मिनूचं बोलता बोलता हिच्या तोंडून मंगल निगंल. आज न्हाई तर उद्या निगंल. तू तर मिनूलाबी मामाकडं धाडून दिलंस."

तिनं पुन्हा कोयता उचलला. "जा आता," म्हणाली.

चार दिवस मी छावणीत गेले नाही. कागद ह्यांच्या हाती पाठवला, त्यावर नुसत्या वेळा. मत लिहायचं धाडस झालं नाही. म्हातारबांनी विचारलं म्हणे, अक्का आजारी हाय का? मी खोलीत बसून वही चाळत होते. एका पानावर "मंगलला सांगणे" असं लिहिलेलं दिसलं, पुढं आणखी एका पानावर. सगळ्या गावात तिचं नाव कुठं राहिलं असेल तर ते माझ्या वहीत होतं, आणि मी त्या पानांवरून उडी मारून पुढं गेले होते.

पाचव्या दिवशी वही घेऊन छावणीत गेले. दुपारची वेळ, टीव्ही अजून लागला नव्हता. कौसा बाजेवर बसून दाव्याला गाठ मारत होती. मी समोर जमिनीवर बसले. ती उठून गेली नाही. मी ते पान उघडलं आणि जसं होतं तसं वाचलं. मिनूला ताप आला. वैद्य आला. आईनं तिला मांडीवर घेतलं. मिनू म्हणाली, आई, मी गेल्यावर रडू नको. आणि शेवटी माझं मत वाचलं. "हे चूक केलं. मंगलला कसं सांगायचं?"

मंगलचं नाव ऐकलं आणि कौसाच्या हातातलं दावं सुटलं. तिनं ते उचललं नाही. मग म्हणाली, "असं न्हाई मरत पोर."

"मग कसं, कौसा?"

"इतकं बोलत न्हाई. पाणी मागती. नुसतं पाणी मागती, अन् दिलं तर पेत न्हाई." तिनं मडक्याकडं बघितलं. "त्यातली माय किती आरडती. मला तर आवाजच न्हवता. मालक गाडी जुंपायला गेलते, दवाखान्यात न्यायला. बैलं फडात हुती. ते येईस्तोर ती माझ्या हातातच गार झालती. मी तसंच धरून बसलेली. त्यांनी इचारलं, झोपली का? मी म्हणलं, व्हय."

तिनं सगळं सांगितलं. कालव्याच्या कडेला एका करंजाच्या झाडाखाली ठेवलं तिला. टोळीतल्या बायांनी दगड आणून रचले. कापसाची एक बाहुली होती, ती बरोबर दिली. मी काही लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. केव्हा बाकीच्या बाया जवळ येऊन बसल्या, ते मला कळलं नाही.

मग तिनं कोरड्या डोळ्यांनी विचारलं, "मिनू गेल्यावर त्या बाईनं काय केलं? पुढं?"

"पंधरा दिवसांनी पापड लाटायला बसली."

"खरं सांग."

"खरं. वहीत हाय. हे बघ."

तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं पानाकडं बघितलं. "पंधरा दिस गावले तिला," ती म्हणाली. "आमाला तिसऱ्या दिशी कोयता हातात घ्यावा लागला."

पुढं जूनअखेर पाऊस झाला, छावणी उठली, जनावरं घरोघर गेली. त्या दसऱ्याला कौसा पुन्हा तोडीला गेली. काय करणार? मी नव्या मालिकेची वही लिहायला घेतली. मतं देणं काही मी सोडलं नाही, तो माझा स्वभावच आहे. पण नंतर कुणासाठी गोष्ट बदलली नाही. कुणी विचारलं, तर जे झालं ते सांगायची आणि मग त्या माणसाजवळ थोडा वेळ बसायची. सगळ्या कामांत हे बसणंच मला उशिरा जमलं.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं. कौसाचं बोलून झालं. गल्लीतली एक म्हातारी मावशी तिथं होती. दोन महिने तीही आमच्यासारखीच गप्प राहिलेली. ती कौसाच्या पायाशी सरकली आणि म्हणाली, "मंगलनं माझ्या शेळीचं नाव मास्तरीण ठिवलंतं."

बाया दचकल्या. कौसानं मान वर केली.

"शेळी सारखी बोंबलायची न्हवं? मंगल म्हणायची, आमच्या शाळंतल्या बाई अश्याच बोंबलत्यात. जाता येता शेळीम्होरं हात जोडून म्हणायची, नमस्ते बाई. एकदा खऱ्या मास्तरणीबाई मागं उभ्या हुत्या!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला. मग दुसरी बोलली, मंगलनं आपल्या दारातल्या रांगोळीत पाय कसा ठेवला ते. आणखी एक म्हणाली, मंगल तिसरीत होती तेव्हा...

"तिसरीत न्हवती," कौसा म्हणाली. "दुसरीत हुती. तिसरीत आता गेली असती."

"व्हय, दुसरीत," ती बाई म्हणाली.

आता कौसा रडत होती. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. कौसानं पदरानं तोंड पुसलं, बाजेवरून खाली उतरून मावशीशेजारी बसली आणि म्हणाली, "ते शेळीचं परत सांग की, मावशे."